दोन कप्प्यांची विहीर

सालवडच्या मेस्त्रींनी कुणाला त्याचं नाव विचारलं, असं मी कधी ऐकलं नाही. माणूस दारात आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास?" जेवलो म्हटलं तरी सुटका नव्हती. "कवा?" हा दुसरा प्रश्न. "सकाळी" असं उत्तर आलं तर मेस्त्रींचा चेहरा खुलायचा. "मंग आता परत भूक लागली असंल," असं म्हणत ते आत वळायचे, आणि आलेला इसम रस्ता विचारायला आला होता हे त्याचं त्यालाच आठवेनासं व्हायचं.

नाव न विचारण्यामागे त्यांचं शास्त्र होतं. "नाव इचारला का गाव येतो, गाव आला का जात येते, आन जात आली का भात निवतो." त्यामुळे मेस्त्रींच्या जगात नावं अशी नव्हतीच. टपालवाल्याला ते 'सायकल' म्हणत. मुरब्याहून मासळी घेऊन येणारी कोळीण होती, तिचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा, तिला 'भोंगा' म्हणत. मी त्यांच्या घरात काही वर्षं काढली आणि तेवढी सगळी वर्षं मी 'सातारा' होतो. वास्तविक मी कऱ्हाडचा. पहिल्या दिवशी मी जिल्हा सांगितला तो कायमचा चिकटला. माझी बायको ओघानंच 'साताऱ्याची'.

ही गोष्ट तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची. मला तिथे नकाशे काढायची नोकरी लागली. बोईसर तेव्हा म्हणजे स्टेशन, दोन-चार किराणा दुकानं आणि जीपगाड्यांनी उडवलेली धूळ. देशभरातून माणसं येऊन पडली होती आणि खोली म्हणून मिळत नव्हती. शेळ्या बाहेर काढून गोठे सारवले जात होते. मी दोन दिवस हिंडलो. प्रत्येक दारात आधी आडनाव विचारत, मग माणसं किती ते विचारत, आणि मग मान हलवत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सालवडला एका घरापुढे आलो. दारात एक उंच, सडसडीत म्हातारा रंधा मारत बसला होता. अंगात खाकी अर्धी विजार, कानावर पेन्सिल, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. त्यानं वर न बघता विचारलं, "जेवलास?"

मी खरं सांगितलं. म्हातारा उठला. तांदळाच्या दोन रोट्या, शेवग्याच्या शेंगांचं कालवण आणि गूळ पुढे आला. मी जरा घुटमळलो तर म्हणाला, "खा. मासळी नाय त्याच्यात. तुजं तोंडच वरनभाताचं हाय." पोट भरल्यावर मी खोलीचं विचारलं. मागची खोली रिकामीच होती. "पावना म्हनून ऱ्हा," मेस्त्री म्हणाले. भाडेकरू हा शब्द त्यांच्या तोंडी बसलाच नाही. भाड्याचं बोलणं काढलं की त्यांना एकाएकी पटाशी सापडेनाशी व्हायची.

मेस्त्री वसईकडचे ख्रिस्ती. तरुणपणी मचवे बांधायच्या कामाला मुरब्याला आले, सालवडला जागा घेऊन घर केलं आणि इथलेच झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी वसईतच दिली होती. "आमचा देव पन सुतारच," ते गमतीनं म्हणत, "म्हनून माजं काम वाकडं झालं तरी तो समजून घेतो."

त्यांच्या घराचं दार हा तर बघण्यासारखा प्रकार होता. आमच्याकडच्या घरांची दारं बुटकी, माणूस वाकून आत शिरतो. मेस्त्रींनी दार चांगलं उंच आणि एवढं रुंद केलं होतं की बैलगाडीला मोह व्हावा. "पावन्याची मान वाकवून आपल्याला काय मिळतं? आन दोघं आले तर एकानं बाहेर उभा ऱ्हायचा काय?" आतून कडी नव्हती. मी एकदा बाजारातून कडी आणली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, चांगली आहे म्हणाले आणि मचव्यावाल्या कुणाला तरी देऊन टाकली.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण अशा माणसाच्या घरात राहून पाहावं. आम्ही नवराबायको नवीन लग्न झालेले. आम्हाला चार भिंती हव्या होत्या, आणि मेस्त्रींच्या घराला भिंती असल्या तरी त्यांचा उपयोग खुंट्या मारण्यापलीकडे नव्हता. रस्त्याच्या कडेला त्यांनी लांबलचक बाक करून ठेवला होता. तारापूरच्या एस.टी.ची वाट बघणारे त्यावर बसत, आणि बसले की जेवत. नको म्हणणाऱ्याची धडगत नव्हती. माझी बायको एकदा तिसरी रोटी नको म्हणाली तर मेस्त्री दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. केंद्राकडे जाणारा अवजड यंत्राचा ट्रेलर एकदा घरापुढच्या वळणावर अडकला, तर त्यांनी आपणच आपलं कुंपण उपटून वाट दिली, आणि ट्रेलर निघेपर्यंत त्यावरच्या सगळ्या पंजाबी मंडळींना भात वाढला. त्यांची हिंदी म्हणजे मराठीला दिलेला रंधा. "बैठो, खावो, मंग बोलो." ते लोक निघाले ते मेस्त्रींच्या पाया पडून. कुंपण पुढे पुन्हा घातलंच नाही.

मी एकदा वैतागून म्हणालो, "मेस्त्री, घर तुमचं आहे की धर्मशाळा?"

"माजा कुठं? घर देवाचा," ते म्हणाले. "मी पन पावनाच. तो मला रोज वाढतो. आता पावन्यानं पावन्याला उठवायचा काय?"

मी समोरची रोटी मोडली.

अशा घरात माझी आई येणार होती.

वडील गेल्यापासून ती कऱ्हाडला काकांकडे राहत होती. राहत होती म्हणजे राबत होती. मोठ्या कुटुंबाचा दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्या गळ्यात होता आणि पंगतीत मात्र तिचं पान शेवटचं. मला ते बघवत नव्हतं. माझ्याकडे ये म्हटलं की तिचं एकच, "तिकडे समुद्राकाठी मासे खातात. मला नाही जमायचं." आई सोवळ्याची कडक होती. परक्याच्या हातचं पाणी तिला चालत नसे. शेवटी बायकोनं फारच गळ घातली तेव्हा म्हणाली, "आठ दिवस येते. जमलं तर राहीन, नाहीतर शनिवारच्या गाडीनं परत." त्या आठ दिवसांवर आम्हा दोघांचं सगळं चित्त लागलं होतं. तिला पुन्हा काकांच्या चुलीपुढे पाठवायचं नाही, एवढंच आम्हाला हवं होतं. आणि मेस्त्रींच्या मागच्या खोलीशिवाय पंचक्रोशीत दुसरी जागा नव्हती.

घरमालक कोण, हे आईनं आधीच विचारलं होतं. "वसईकडचे सुतार," असं मी सांगितलं होतं. त्यात सगळं आलं असं मला वाटलं. पण कऱ्हाडच्या माणसाला वसई म्हणजे पेशव्यांनी जिंकलेला किल्ला. तिच्या डोळ्यापुढे कुठला तरी गंध लावलेला सुतार उभा राहिला असणार.

ती आली तो रविवार होता. मेस्त्री घरात नव्हते. "घरमालक कुठे गेले?" तिनं विचारलं. "देवळात," बायको म्हणाली. त्यात काही चूक नव्हती. वसईची मंडळी चर्चला देऊळच म्हणतात, आणि आम्हालाही ऐकून ऐकून तीच सवय लागली होती. आई खूश झाली. "चला, देवभक्त माणूस दिसतो," म्हणाली. पुढच्या खोलीत निळ्या वस्त्रातल्या माउलीची तसबीर होती, पुढे दिवा. आईनं लांबूनच हात जोडले आणि "ही कुठली देवी?" म्हणून विचारलं. बायकोला एकदम भाजी करपल्याचा वास आला आणि ती आत पळाली.

आईनं हातपाय धुतले. बायकोनं विहिरीचं ताजं पाणी तांब्यात भरून ठेवलं होतं. ती तांब्या तोंडाला लावणार एवढ्यात मेस्त्री दारात उभे राहिले. अंगावर रविवारचा पांढरा सदरा, त्यावर क्रूस लखलखीत. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आल्या का? परभू तुमचा भला करो. जेवलात, बाय?"

आईनं क्रुसाकडे पाहिलं. मग तसबिरीकडे. मग माझ्याकडे. तांब्या तिनं हळूच खाली ठेवला.

"हे कोण?"

"वसईचे," मी म्हणालो.

"ते कळलं मला," आई म्हणाली. आणि आपल्या वळकटीवर जाऊन बसली. बायकोनं रांधलेलं सगळं त्याच विहिरीच्या पाण्यातलं, म्हणजे तेही गेलं. मेस्त्री रोट्यांचं ताट घेऊन आले तेव्हा आईनं नजर खाली ठेवूनच सांगितलं, "राग मानू नका. आमच्यात चालत नाही. मी उद्याच्या गाडीनं जाईन." आवाजात ताठा नव्हता. घसा मात्र कोरडा पडलेला कळत होता.

मेस्त्री ताट घेऊन तसेच उभे राहिले. तिसऱ्या रोटीवरून दोन दिवस रुसणारा माणूस हा. आता जन्माचा रुसणार, असं मी धरून चाललो. ते परत गेले. मग मागच्या बाजूला धप्प झालं. पुन्हा धप्प. मी जाऊन पाहिलं तर मेस्त्री लांब बांबूला कोयता बांधून माडावरची शहाळी पाडत होते.

"साताऱ्या, तूच उचल," ते लांबून ओरडले. "मी हात नाय लावला. ह्यातला पानी कोनी भरला नाय, वरूनच भरून आलाय. तुजी आय पिल का, इचार."

शहाळं आईपुढे ठेवलं. तिनं ते बराच वेळ न्याहाळलं. शास्त्र आणि तहान यांचं आत काय बोलणं झालं ते तिलाच ठाऊक. "शहाळ्याला दोष नाही," ती अखेर म्हणाली. एक प्यायली आणि मग दुसरं फोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीची गाडी तिनं सोडली.

पुढचे दिवस म्हणजे सालवडला तमाशाच झाला. मेस्त्रींना आता एकच ध्यास लागला, जिला आपलं काहीच चालत नाही तिला काय काय चालतं. केळी चालतात, साल आपण सोलायची. कोरडे तांदूळ चालतात. जमिनीतून उपटलेला सुरण चालतो. सकाळी उठून बघावं तर आमच्या पायरीवर काही ना काही ठेवलेलं असायचं आणि मेस्त्री बाकावर पाठ फिरवून बसलेले. आईनं तांदूळ शहाळ्याच्या पाण्यात शिजवले. भात गुळमट झाला. आम्ही तो मुकाट्यानं खाल्ला. मेस्त्रींना ते कळलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली, पण लगेच गंभीर झाले. माडावर आता कोवळं फळ फारसं उरलं नव्हतं.

मग त्यांनी विहिरीचा विचार मांडला. म्हणजे कुणापुढे मांडला नाही, कामालाच लागले. विहीर त्यांच्या आवारात, तिच्यावर पुढच्या बाजूला एक लाकडी चौकट आणि कप्पी. मेस्त्रींनी समोरच्या काठावर दुसरी चौकट उभी केली. मचव्याचं उरलेलं सागवान काढलं, नवी कप्पी बसवली, नवा दोर, नवा पोहरा. काम संपल्यावर आईला बोलावलं.

"बाय, ही बाजू तुमची. हितून आमी कोनी दोर सोडनार नाय. पोहऱ्याला माजा हात लागलाय तेवढा तुमचं काय मंतर-तंतर असंल ते करून घ्या."

आई विहिरीच्या काठाशी गेली आणि आत डोकावली. मग म्हणाली, "पाणी तर एकच आहे."

आई खुळी नव्हती. ते तिला दिसणारच होतं.

"पानी खाली एक हाय," मेस्त्री म्हणाले. "वर आपुन दोन हाय. वरचा आपुन बघू, खालचा तो बघील."

आईनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायची तिची ती पद्धत होती. मग तिनं पोहरा उचलला, चिंच लावून घासला, आणि विहिरीत सोडला.

गावात याची खूप चेष्टा झाली. मुरब्याच्या भोंग्यानं तर टोपली खाली ठेवून जाबच विचारला. "मेस्त्री, ती तुजा पानी पीत नाय, तुज्या घरचा घास खात नाय, आन तू तिला कप्पी बसवून देतंस? तुला काय वाटत नाय?"

मेस्त्री बाकाला रंधा मारत होते. ते म्हणाले, "देव तुला काय देतो गं?"

"मासळी देतो."

"कालवन करून देतो?"

"नाय. कालवन मीच करते."

"मंग. तांदूळ देतो, भात देत नाय. लाकूड देतो, जाळ तू कर म्हनतो. कोनाला कोनाच्या हातचा चालत नाय, कोन कोनाच्या चुलीवर खात नाय, ता सगळा त्याला म्हाईत हाय. म्हनून तो कच्चा देतो. माज्या ताटात जेव नायतर उपाशी ऱ्हा, असा तो बोलला तर किती जना उपाशी मरतील? इतकी वर्सं मी रांधून रांधून वाढला, ता मला कळलाच नव्हता. ह्या बायनं शिकवला."

भोंग्यानं टोपली उचलली आणि जाता जाता आईसाठी दोन लिंबं ठेवून गेली. ती कुणाच्या झाडाची, ते मी विचारलं नाही.

शनिवार आला आणि गाडी गेली. आईनं विषय काढला नाही, आम्हीही नाही. पुढच्या शनिवारी पापड वाळायचे होते. त्याच्या पुढच्या शनिवारी तिला सुनेचं तोंड उतरल्यासारखं वाटलं. असे शनिवार जात राहिले. मेस्त्री आता वारा बघून मासळी तळू लागले. वारा आमच्या खोलीकडे असला की त्या दिवशी वालाची उसळ. दर शुक्रवारी ते मटण-कोंबडी खात नाहीत आणि त्यांच्या मोठ्या सणाआधी कित्येक दिवस उपास धरतात, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही. "उपास करतो, म्हणजे माणूस अगदीच वाया गेलेला नाही," ती मला म्हणाली. सकाळी दोघं आपापल्या कप्पीवर पाणी ओढत असत आणि विहिरीच्या या काठावरून त्या काठावर गप्पा चालत. तुमचा देव रविवारीच का भेटतो, असं ती विचारायची. तुमच्या देवाला न्हायला रोज पानी का लागतं, असं ते विचारायचे. दोघांनाही एकमेकांची उत्तरं पटत नसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न असतच. आई काकांकडे कधी एवढी बोललेली मी पाहिली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी बायकोला म्हणायचो, जमलं. देशाला वीज देऊ घातलेल्या केंद्रात मी नोकरीला आणि घरात कंदील, पण त्या कंदिलाच्या उजेडात मला सगळं कसं लखलखीत वाटायचं.

आणि नेमकं तिथेच बिनसलं.

दिवाळीत आईनं बेसनाचे लाडू केले आणि डबाभर मेस्त्रींना पाठवले. तिच्या हातचं त्यांनी घ्यायला तिच्या शास्त्राची काहीच हरकत नव्हती. मेस्त्रींनी डबा कपाळाला लावला. संध्याकाळी आईनं पुढच्या खिडकीतून पाहिलं तर एस.टी.ची वाट बघणारी माणसं लाडू खात होती, आणि मेस्त्री रिकामा डबा पुसत होते. तिनं विचारलं, तुम्ही किती खाल्ले? मेस्त्री म्हणाले, "मी देनारा, बाय. खानारे दुसरे. हितं ऱ्हायला आल्यापासून मी कोनाच्या घरचा खाल्ला नाय."

आई रिकामा डबा घेऊन आत आली. दुसऱ्या दिवशी तिनं वळकटी बांधायला काढली.

"मी शनिवारच्या गाडीनं जाते," ती म्हणाली.

कुणी काही बोललं का, म्हणून मी खोदून खोदून विचारलं.

"कुणी नाही बोललं," आई म्हणाली. "पण तो माणूस मला पाहुणी म्हणतो. रोज सकाळी पायरीवर काहीतरी आणून ठेवतो. मी दिलेलं मात्र त्याच्या पोटात जात नाही. नुसतं घेत बसायचं तर पाहुणीनं कधीतरी उठावं लागतं. काकांकडे मी नुसती देत होते, इथे नुसती घेते. मला दोन्हीचा कंटाळा आलाय. तो माझ्याकडे जेवला तर राहीन. नाहीतर मला गाडीत बसवून दे."

मी मेस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते रंधा थांबवून ऐकत राहिले. सगळ्या जगाला आग्रह करणारा हा माणूस, पण त्याला कुणी आग्रह केला तर तो चक्क घाबरायचा. "मला नाय जमनार," ते म्हणाले. मी संतापलो. "रोज देवाचं घेता ना? मग माझ्या आईचं घ्यायला काय होतं?" असं काहीतरी मी बोलून गेलो आणि परत आलो. शुक्रवार उजाडेपर्यंत काही उत्तर नव्हतं. आईची वळकटी भिंतीशी तयार.

शुक्रवारी सकाळी विहिरीवर मेस्त्रींनी आपल्या काठावरून विचारलं, "बाय, आज येऊ जेवायला?"

"या," आई म्हणाली.

"मी कुठं बसनार, ता मला ठाव हाय."

"ओटीवर," आई म्हणाली.

"ओटी माजीच हाय."

"हो."

मेस्त्रींनी थोडा विचार केला. "बरा," म्हणाले.

मला मात्र ते झोंबलं. ज्या माणसानं आपल्या घराचं दार कुणाला वाकायला लागू नये म्हणून उंच केलं, त्याला त्याच्याच घराच्या ओटीवर वेगळं बसवायचं? मी आईला विनवलं, निदान पुढच्या खोलीत पान मांड. "तू यात पडू नकोस," ती म्हणाली. बायको तोंड फिरवून पुरण वाटत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

पण पंगत अशी मांडली होती की काय सांगू. ओटी सारवून चकचकीत केली होती. पाट, पानाभोवती रांगोळी, केळीच्या पानावर मीठ-लिंबापासून सगळं यथासांग. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी. मेस्त्री रविवारचा सदरा घालून शुक्रवारी आले. पाटावर बसले, आणि त्यांचे हात आपोआप पाटाच्या सांध्याकडे गेले. पाट हलतो की काय ते चाचपून त्यांनी हात काढून घेतला. मग डोळे मिटून छातीवर क्रूस केला आणि ओठांत काही पुटपुटले. आई तुपाची वाटी घेऊन थांबली होती.

"झाली का तुमची चित्राहुती?" तिनं विचारलं.

"झाली," मेस्त्री म्हणाले. चित्राहुती म्हणजे जेवणाआधी पानाशेजारी देवासाठी भाताची शितं ठेवणं, ते त्यांना कुठून ठाऊक असणार.

मग आईनं आग्रह असा काही केला की मेस्त्रींनी आजवर सालवडवरून जाणाऱ्या सगळ्या जगाला जे केलं होतं ते एका बैठकीत फिटलं. ते नको म्हणत होते आणि पोळी पडत होती. पानावर हात आडवा धरला तर तिनं हाताशेजारी वाढलं. मी दारात उभा राहून बघत होतो. माझा राग कधी उतरला ते मला कळलं नाही. मेस्त्री घामाघूम झाले होते आणि हसत होते.

जेवण झालं. मेस्त्री उठले, आणि उष्ट्या हातानंच वाकून पान दुमडायला लागले.

आम्हाला ते का, हे लगेच कळलं. आमच्याकडे परजातीचा माणूस ओटीवर जेवला की आपलं पान त्यानं स्वतः उचलायचं, बाहेर टाकायचं आणि जेवल्या जागेवर शेण फिरवायचं, अशी रीत होती. घरचं कुणी त्या उष्ट्याला हात लावत नसे. तरुणपणी सुतारकामाला घरोघर हिंडताना मेस्त्रींनी ती रीत किती ओट्यांवर पाळली असेल कुणास ठाऊक. ते इतक्या सहजपणे वाकले होते.

"बाय, जरा शेन द्या," ते म्हणाले. "जागा सारवून देतो."

"ठेवा ते," आई म्हणाली.

मेस्त्रींचा हात पानावरच राहिला.

"पाहुण्यानं पान उचलायचं नसतं," आई म्हणाली. तिनं पदर खोचला, खाली वाकली, त्यांच्या हाताखालचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि परसात नेऊन टाकलं. मेस्त्री उष्टा हात तसाच धरून उभे.

उष्ट्याला हात लावल्यावर आई आता आंघोळीला विहिरीवर जाणार, हे मला ठाऊक होतं. बायकोनं तिचं धुतलेलं लुगडं काढूनसुद्धा ठेवलं. आई परसातून आली, तिनं हात धुतले, लुगड्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "मला वाढ गं आता. भूक लागलीय."